पाहुणा वादग्रस्त, पत्रकार गेटबाहेर: अशा दौऱ्याची बातमी सांभाळायची कोणी?

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या भागात एका देशाचे मुंबईतले महावाणिज्यदूत केळीचं पॅकहाउस बघायला येऊन गेले. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिसऱ्या प्रतिसादापासून त्यांच्या युद्धावर भांडण सुरू होईल आणि ॲडमिन धागा बंद करतील. एवढंच समजा की तो देश सध्या रोज बातम्यांत आहे आणि आपल्याकडे त्याच्यावरून उघड दोन तट आहेत.

आठ दिवस आधीपासून निवेदनं सुरू झाली होती. एका संघटनेने काळे झेंडे जाहीर केले, दुसरीने जंगी स्वागत. प्रशासनाने तयारी केली ती फक्त बंदोबस्ताची. पत्रकारांना सकाळी साडेनऊला बोलावलं आणि गेटवर अडवलं, "वरून आदेश आहे". आत फण्या धुवायच्या तुरटीच्या टाक्यांपाशी पाहुणे उभे राहून कामावरच्या बायकांशी बोलले, तेरा किलोचं खोकं स्वतः उचलून बघितलं म्हणतात. त्याचा एकही फोटो कोणाकडे नाही. आम्ही सगळे बाहेर लिंबाखाली, बूम माइक घेतलेले यूट्यूबवाले पोरंही तिथेच. दीडच्या सुमारास ताफा निघून गेला. प्रेसनोट आली रात्री पावणेनऊला, तोवर डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारी, लवकर छापली जाणारी) सुटलेली. दुसऱ्या दिवशीचे मथळे तुम्ही ओळखले असतील: 'पत्रकारांना मज्जाव', आणि खाली काळ्या झेंड्यांचा चार कॉलमी फोटो.

माझं म्हणणं साधं आहे. तालुक्याच्या वार्ताहराला संध्याकाळी काहीतरी पाठवावंच लागतं. डेस्कवर त्याच्यासाठी जागा धरलेली असते. तुम्ही त्याला आतलं काही दिलं नाही तर त्याला बाहेर जे दिसलं ते तो पाठवतो. यात त्याचा काही डाव नसतो.

आणि हे फक्त आपल्या जिल्ह्याचं दुखणं नाही. आग्रा आठवा, जुलै २००१. पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ शिखर बोलण्यांसाठी १४ तारखेला दिल्लीत उतरले आणि दर्यागंजातली आपली जन्मघराची नहरवाली हवेली बघून आले, घरच्या जुन्या मोलकरणीला भेटले. पहिल्या दिवसाचा फोटो तिथेच त्यांच्या नावावर झाला. मग आग्र्यात बोलणी बंद दाराआड, आणि बाहेर देशोदेशीच्या पत्रकारांची जत्रा. पाकिस्तानी बाजूचे लोक कॅमेऱ्याला भेटत होते, आपली बाजू गप्प. १५ च्या संध्याकाळी सुषमा स्वराज, तेव्हाच्या माहिती व प्रसारण मंत्री, त्यांनी चर्चेत कोणते विषय आले ते सांगितलं. त्यात काश्मीर नव्हतं. पाहुणे बिथरले. १६ ला सकाळी मुशर्रफ यांनी आपल्याच, म्हणजे भारतीय, संपादकांना नाश्त्याला बसवलं, काश्मीर हाच मूळ प्रश्न म्हणून ठणकावून सांगितलं आणि त्याचं चित्रण दिवसभर टीव्हीवर फिरलं. यजमान आपण, हॉटेल आपलं, संपादक आपले आणि बातमी त्यांची! रात्री उशिरा ते संयुक्त निवेदनाशिवाय निघून गेले, परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या निरुपमा राव यांनी छोटं निवेदन वाचलं, आणि परराष्ट्रमंत्री जसवंत सिंग सविस्तर बोलले ते दुसऱ्या दिवशी. चोवीस तासांच्या चॅनेलना दुसरा दिवस म्हणजे पुढचा जन्म.

तुम्हाला काय वाटतं? अशा दौऱ्याला पत्रकार आत घ्यावेत, की बाहेरच बरे?

अमळनेरची वहिनी

तो नाश्ता मी टीव्हीवर पाहिलाय, घरात सगळे कामं सोडून बसलेले. सासरे एवढंच म्हणाले, "याला बोलू कोण देऊन राहिलं?" तुमचा सगळा मुद्दा त्यात आला भाऊ.

निवृत्त माहितीवाला, धुळे

तापीकाठ दादा, प्रेसनोट रात्री पावणेनऊला का येते ते सांगतो. माझी नोकरी सरकारच्या माहिती खात्यातच गेली.

परदेशी राजनैतिक अधिकारी जिल्ह्यात येतो तेव्हा त्याचा कार्यक्रम जिल्हा ठरवत नाही. मुंबईहून राजशिष्टाचार विभागाचं पत्र येतं, त्याला मिनिटवार कार्यक्रम जोडलेला असतो, आणि तळाशी बहुधा पत्रकारांबाबत एक ओळ असते किंवा नसते. नसेल तर खालचा अधिकारी काय समजतो? नाही म्हणजे नाही. गेटवरच्या फौजदाराला तर त्याहून कडक समजतं. आता नोट. ती आम्ही दुपारी दोनला तयार करतो. मग ती साहेबांकडे जाते. साहेब म्हणतात पाहुण्यांच्या कचेरीला एकदा दाखवून घ्या. तिकडचा प्रेसवाला माणूस मुंबईच्या वाटेवर गाडीत असतो. तो दोन वाक्यं काढतो, एक घालतो. घातलेलं वाक्य 'द्विपक्षीय मैत्री दृढ होईल' हेच असतं. साहेबांना परत दाखवावं लागतं. रात्र होते.

यावर माझा तोडगा एकच होता आणि तो दोन-तीनदा चालला. नोटेचा अर्धा भाग आदल्या दिवशीच मंजूर करून घ्यायचा: कोण येणार, का येणार, काय बघणार, या देशाशी आपल्या मालाचा काय संबंध. दौऱ्याच्या दिवशी फक्त दोन ओळी आणि एक फोटो जोडायचा. फोटोग्राफर आपलाच, तो आत असतोच. एक फोटो अकरा वाजता ग्रुपवर पडला की गेटबाहेरची निम्मी चिडचिड संपते.

केळीबाग रावेर

मी तठी होतो ना भो! शेजारच्या शेतकऱ्यांपैकी पाच-सहा जणांना आत बसवलं होतं.

आत काय झालं ते कोणीच छापलं नाही म्हणून सांगतो. पाहुण्यांनी विचारलं की इथून माल जेएनपीटी बंदराला रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये किती तासांत पोचतो, बागेत करपा किती असतो, आणि वर्षातले कोणते महिने माल सलग मिळेल. त्यांच्या सोबत एक आयातदार होता, तो घडाच्या दांड्याला हात लावून बघत होता, बाकी कोणाशी बोलतच नव्हता. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय हे त्यांना आधीच माहीत होतं. शेवटी म्हणाले की तपासणीचे कागद जुळले तर एक ट्रायल कंटेनर घेऊ.

बातमी ही होती. आखाताशिवाय अजून एक बाजार उघडणार की नाही, ही. ती ना समर्थकांनी सांगितली ना विरोधकांनी. पेपरात काय, तर झेंडे आणि पत्रकारांचा अपमान. अपमान झाला हे खरं, पण माझ्या केळीचा भाव त्याने एक रुपयाही हलत नाही.

काळा झेंडा, नंदुरबार

मी त्या झेंडेवाल्यांपैकी एक. आदल्या रात्री घरी पोलीस नोटीस देऊन गेले. पूर्वी कलम १४९ ची म्हणायचे, आता नवीन कायद्यात १६८ ची म्हणतात, मजकूर तोच: काही घडलं तर तुम्ही जबाबदार. तरी गेलो. रस्त्याच्या कडेला उभे होतो, ताफ्यावर कोणी धावून गेलं नाही.

इथे सगळे 'बातमी सांभाळायची' म्हणून बोलता आहेत, त्यालाच माझा आक्षेप आहे. बातमी सांभाळणं म्हणजे काय? नोटीस देणं हेही त्यातच येतं की. ज्या देशाच्या सरकारने जे केलं ते केलं, त्याच्या माणसाला आपल्या गावात बोलावलं, तर गावाला त्यावर राग दाखवायचा हक्क आहे आणि पेपराला तो छापायचा. तुम्ही अकरा वाजता केळीचा सुंदर फोटो टाकला की माझा फोटो आत पान सहावर जाणार, हाच तो तोडगा ना अण्णा?

आणि एक. काही ठिकाणी कितीही सांभाळा, सांभाळलं जात नाही. बिटबुर्ग शोधा.

सोनगीरचा मास्तर

काळा झेंडा, बिटबुर्ग तुम्ही काढलंतच म्हणून जरा सांगतो, इथल्या पोरांना माहीत नसेल.

मे १९८५. दुसरं महायुद्ध संपल्याला चाळीस वर्षं. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन पश्चिम जर्मनीला जाणार होते आणि चान्सलर कोल यांच्याबरोबर बिटबुर्गच्या लष्करी दफनभूमीत फुलं वाहणार होते, शत्रू आता मित्र झाले हे दाखवायला. रेगनची माणसं आधी हिवाळ्यात जाऊन जागा बघून आली होती, तेव्हा थडग्यांवर बर्फ होता. कार्यक्रम जाहीर झाल्यावर बाहेर आलं की तिथे हिटलरच्या वाफन-एसएस दलाच्या सैनिकांचीही थडगी आहेत, एकूण ४९. मग जे पेटलं ते पेटलं. माजी सैनिक, ज्यू संघटना, खुद्द रेगनच्या पक्षातले लोक. १९ एप्रिलला व्हाइट हाउसमध्ये एली विझेल यांना सन्मानपदक द्यायचा समारंभ होता. स्वतः छळछावणीतून वाचलेला माणूस. कॅमेऱ्यांसमोर त्यांनी राष्ट्राध्यक्षांना तोंडावर विनंती केली की ती जागा तुमची नाही. यापुढे कोणती प्रेसनोट टिकणार?

रेगननी दौरा रद्द केला नाही, कोलना शब्द दिला होता. बर्गन-बेल्झनच्या छळछावणीची भेट जोडली, तिथे लांब भाषण केलं, आणि ५ मे रोजी दफनभूमीत जेमतेम काही मिनिटं थांबले. तिथे भाषण नाही, दोन वृद्ध सेनानींचं हस्तांदोलन आणि परत. नुकसान कमी करायचं म्हणून जेवढं करता येतं तेवढं सगळं केलं होतं. तरी त्या दौऱ्याचं नाव आजही बिटबुर्गच.

ज्यांचा हा सगळा देखावा जगात सर्वांत सफाईदार समजला जायचा, त्यांचंच असं झालं. म्हणून वहिनी, नाश्त्याला कोणाला बोलावलं याच्या आधी कोणत्या ओट्यावर बसणार ते बघावं लागतं.

आता तापीकाठ, तुमच्याशी थोडं भांडण. आग्रा पत्रकारांमुळे बिघडलं असं कोणी वाचेल तुमच्या लिखाणातून. ते मसुद्यावर अडलं, काश्मीर आणि सीमेपलीकडचा दहशतवाद यांच्या शब्दांवर. नाश्ता झाला नसता तर करार झाला असता असं मानायला आधार नाही. मात्र बोलणी फिसकटल्यावर दोष कोणाकडे गेला, लोकांनी काय लक्षात ठेवलं, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के. आणि परक्या दरबारात जाऊन त्यांच्याच पत्रकारांना हाताशी धरायची ही युक्ती मुशर्रफ यांची नव्हे. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय दिल्लीत आले, सीमाप्रश्नावर नेहरूंशी बोलणी काही जमली नाहीत, बाहेर जनसंघाची निदर्शनं. जायच्या आदल्या रात्री त्यांनी पत्रकार परिषद घेतली, ती दोन तासांहून जास्त चालली, मध्यरात्र उलटली. नकाशापासून सगळ्यावर उत्तरं. चिडलेल्या देशाच्या राजधानीत बसून! दोन्ही वेळा पाहुण्याला वेळेचं भान होतं, यजमानाला नव्हतं.

चोपड्याचा पुणेकर

मास्तर, जबरी. वाचतोय.

आजच्या काळातलं मी टाकतो. फेब्रुवारी २०१८, कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो सहकुटुंब भारतात. ताजमहाल, सुवर्णमंदिर, रोज नवे भरजरी कपडे, फोटोंची नुसती रेलचेल. तापीकाठ दादांच्या हिशोबाने पत्रकारांचं पोट भरलेलं पाहिजे होतं. झालं काय? पंजाबच्या एका मंत्र्यावर १९८६ मध्ये कॅनडात हल्ला झाला होता, त्यात शिक्षा झालेला माणूस मुंबईच्या कार्यक्रमात ट्रुडोंच्या पत्नीशेजारी उभा असलेला फोटो बाहेर आला. दिल्लीतल्या मेजवानीचं आमंत्रणही त्याला होतं, ते घाईघाईने मागे घेतलं. मग कुठला ताजमहाल आणि कुठलं काय. पाहुण्यांची यादी कोणी तपासली, एवढा एकच प्रश्न कॅनडात पुढे कितीतरी दिवस.

म्हणजे फोटो द्या हे ठीक, पण फोटोत कोण आहे तेही बघा. आपल्याकडे महावाणिज्यदूतांच्या शेजारी हार घेऊन कोण कोण घुसलं असतं हे सांगायला नको. गावात हार घालणाऱ्यांची टंचाई कधीच नसते.

केळीबाग रावेर

घुसले होते ना! दोन जणांना तर पॅकहाउसवाल्याने पण ओळखलं नाही. एकाने शाल आणली होती, पाहुण्याला घालून फोटो काढला आणि शाल परत घेऊन गेला भो.

अमळनेरची वहिनी

😂 शाल परत!

तापीकाठ

मास्तर, आग्र्याबद्दलची दुरुस्ती मान्य, मला तेवढंच म्हणायचं होतं. काळा झेंडा भाऊ, तुमचा मुद्दा टाळत नाही. तुमचा फोटो पान सहावर ढकलायचा हा हेतू नाही. पण केळीबागांनी जे सांगितलं ते पण छापून यायला पाहिजे होतं की नाही? दोन्ही बातम्या असताना वाचकाला एकच मिळाली.

अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले होते, त्याचं कोणी सविस्तर लिहील का? गुप्तता ठेवून पण यशस्वी झालेला दौरा म्हणून तोच सगळीकडे सांगतात. आमचे एक साहेब गेटवर हेच म्हणाले होते, "गुप्त ठेवलं म्हणूनच सुरळीत झालं".

सोनगीरचा मास्तर

तुमच्या साहेबांनी अर्धाच धडा वाचलाय.

गुप्त काय होतं? निक्सनचे सल्लागार किसिंजर यांची आधीची फेरी. जुलै १९७१, इकडे पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आपल्याकडे येत होते. किसिंजर दिल्लीला येऊन इंदिराबाईंना भेटले, मग रावळपिंडीला गेले. तिथे पोट बिघडल्याचं निमित्त केलं, नथियागलीच्या थंड हवेत विश्रांती घेतो म्हणाले, आणि पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांच्या मदतीने पेकिंग (आताचं बीजिंग) गाठलं. ९ ते ११ जुलै. पण १५ जुलैला निक्सननी टीव्हीवर येऊन चार मिनिटांच्या आत सगळं जगाला सांगून टाकलं, की चीनला जाणार, फेब्रुवारीत पुढे गेले. मध्ये सात महिने. या सात महिन्यांत त्यांच्याच पक्षातल्या उजव्यांनी शिव्या घातल्या, ॲशब्रुक नावाचे ओहायोचे एक काँग्रेस सदस्य तर प्राथमिक निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. तो राग दौऱ्याच्या आधी बाहेर पडून गेला. दौऱ्याच्या दिवशी गेटवर अचानक फुटला नाही.

(आपल्या बाजूने बघितलं तर त्या गुप्त फेरीचा धसका दिल्लीने घेतला आणि ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्री करार झाला. तो मोठा विषय, इथे नको.)

आणि २१ फेब्रुवारी १९७२ ला विमान उतरलं तेव्हा काही लपवलेलं नव्हतं, उलट एकेक गोष्ट मांडलेली. पेकिंगला सोमवारची सकाळ, म्हणजे अमेरिकेत रविवारची रात्र, घरोघरी टीव्ही चालू. उपग्रहावरून थेट चित्र जावं म्हणून आधीच सोय केलेली. १९५४ मध्ये जिनिव्हाला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी चाऊ एन-लाय यांच्याशी हात मिळवला नव्हता, हे दोन्हीकडच्यांच्या डोक्यात होतं. म्हणून निक्सन आणि त्यांच्या पत्नी जिना उतरले, बाकी सगळ्यांना वर विमानात थोपवून धरलं. चौकटीत तिसरं कोणी येऊ द्यायचं नाही. शाल परत नेणारे तेव्हाही असणारच! निक्सननी पायऱ्या उतरतानाच हात पुढे केला. परतीला अलास्कात अँकरेजला विमान काही तास थांबवलं, वॉशिंग्टनला पुन्हा रात्रीच्या टीव्हीच्या वेळेत उतरावं म्हणून.

पण मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते शांघायचं संयुक्त निवेदन. नेहमी अशा कागदात मतभेद झाकतात. त्यात अमेरिकेने आपलं म्हणणं वेगळं लिहिलं, चीनने वेगळं, व्हिएतनामवर वेगळं, कोरियावर वेगळं, आणि मग जिथे जुळलं तेवढं एकत्र. घरी परतल्यावर 'तुम्ही विकून आलात' म्हणणाऱ्यांना कागदच दाखवता येत होता. तैवानवरून आरोप झालेच, पण निदान लपवालपवीचा झाला नाही.

निवृत्त माहितीवाला, धुळे

मास्तरांनी मर्म सांगितलं. आमच्या नोटेत 'सर्व विषयांवर समाधानकारक चर्चा' लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं की काहीतरी फिसकटलं.

काळा झेंडा, तुमच्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. होय, मी नोकरीत असताना आंदोलनाचा फोटो आत जावा असं माझ्या वरच्यांना वाटायचं आणि मी त्यासाठी धडपडायचो. पगारच त्याचा होता. पण नोटीस द्यायचं काम आमचं नव्हे, आणि माझा अनुभव असा की जितक्या जास्त नोटिसा तितका मोठा फोटो. नोटीस हातात धरून काढलेला फोटो तर हमखास पहिल्या पानावर. उलट एका दौऱ्यात आंदोलकांच्या पाच जणांना दहा मिनिटं निवेदन द्यायला आत सोडलं. पाहुण्यांनी निवेदन घेतलं, दोन वाक्यं बोलले. दुसऱ्या दिवशी बातमी तीच, पण तिला दोन्ही बाजू होत्या.

काळा झेंडा, नंदुरबार

हे चालेल. पण हे करायला धाडस लागतं आणि ते पाहुण्याकडे असावं लागतं, फौजदाराकडे नाही.

वाजपेयींचं लाहोर बघा. मी त्यांच्या पक्षाचा नाही, कधी नव्हतो. २० फेब्रुवारी १९९९ ला बसने वाघा ओलांडला, सोबत देव आनंद, कपिल देव, जावेद अख्तर. ही झाली फोटोची बाजू, मान्य. तिकडे जमाते इस्लामीने लाहोरात दंगा केला, किल्ल्यातल्या मेजवानीला जाणाऱ्या वकिलातींच्या गाड्यांवर दगड पडले. पाकिस्तानचे सेनाप्रमुख वाघ्यावर स्वागताला आले नाहीत, तीही बातमीच होती. आणि इकडे त्यांच्याच घरचे लोक विचारत होते की मिनार-ए-पाकिस्तानला, पाकिस्तानच्या मागणीचा ठराव झाला त्या जागी, जाणार म्हणजे फाळणीवर शिक्का मारणार का? ते गेले. तिथल्या वहीत लिहिलं की स्थिर, सुरक्षित, समृद्ध पाकिस्तान भारताच्या हिताचा आहे. आणि गव्हर्नर हाउसच्या भाषणात आक्षेपाचा स्वतःहून उल्लेख केला, की मला जाऊ नका म्हणत होते, शिक्का बसेल म्हणत होते, तर पाकिस्तान काय माझ्या शिक्क्यावर चालतो? टाळलं नाही. विरोधकाचं वाक्य आधी स्वतः उच्चारलं आणि मग उत्तर दिलं.

आमच्या दौऱ्यात पाहुणा आमच्या समोरून काचा वर करून गेला.

चोपड्याचा पुणेकर

पण मे महिन्यात कारगिल झालं की. मग ती सगळी मेहनत पाण्यातच गेली ना? २०१५ च्या नाताळात मोदी काबूलहून येताना ट्वीट करून लाहोरला उतरले, पत्रकारांना तयारीलाच वेळ नाही, त्यामुळे विरोधालाही नाही. तेव्हा सगळे थक्क. पुढच्या आठवड्यात २ जानेवारीला पठाणकोटच्या हवाई तळावर दहशतवादी हल्ला. दोन्ही पद्धती, शेवट तोच.

सोनगीरचा मास्तर

शेवट तोच नाही हो. कारगिल झालं तेव्हा जगाने विचारलं की बस कोण घेऊन गेलं होतं आणि डोंगरावर कोण चढून बसलं. तो बसचा फोटो तेव्हा आपल्या कामी आला. दौऱ्याची बातमी परतीच्या दिवशी संपते असं नाही.

याची दुसरी बाजूही सांगतो. सादात. नोव्हेंबर १९७७, इजिप्तचा अध्यक्ष इस्रायलच्या संसदेत बोलायला जातो म्हणतो. १४ तारखेला अमेरिकेचे टीव्ही पत्रकार वॉल्टर क्रॉन्काइट यांनी उपग्रहावरून सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांच्या मुलाखती घेतल्या आणि दोघांकडून होकार वदवून घेतला. १९ ला सादात उतरले, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शनिवारचा सब्बाथ, संपल्यावर, तेवढं भान राखून. जगातलं जनमत आठवडाभरात फिरलं. पण त्यांचे परराष्ट्रमंत्री फहमी यांनी राजीनामा दिला, पुढे अरब लीगने इजिप्तला बाजूला काढलं, आणि ६ ऑक्टोबर १९८१ ला संचलनात सादात यांना गोळ्या घातल्या. परदेशी टीव्हीवर जिंकलेला माणूस शेजारपाजारी आणि घरी किती एकटा पडला बघा. तापीकाठ, तुमच्या धाग्यात पत्रकार आहेत, पाहुणा आहे, प्रशासन आहे. ज्यांच्या गावात दौरा झाला त्या गावाशी आधी कोण बोललं?

तापीकाठ

कोणीच नाही. ग्रामपंचायतीला बंदोबस्तासाठी रस्ता मोकळा ठेवा एवढंच पत्र होतं.

सावद्याची लेक

थोडं अवांतर. गावाशी आधी बोलायचं म्हणता तर आपल्या फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन आठवलं, डिसेंबर १९३६. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. खेड्यात कोण येईल अशी शंका होतीच. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू-चटईसारख्या इथल्याच सामानातून नगर सजवलं, नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. आजूबाजूच्या गावांनी धान्य दिलं, राबायला माणसं दिली. आमच्या घरात अजून सांगतात, पणजीने कोणत्या कोठीतून ज्वारी काढून दिली ते. परकं सरकार बारीक नजर ठेवून असताना एवढा पसारा उभा राहिला, कारण गावाला तो आपला वाटत होता. ते परदेशी पाहुण्याचं नव्हतं, मान्य. पण लोकांना आधी कामाला लावलं की बंदोबस्त कमी लागतो.

केळीबाग रावेर

ताई बरोबर बोलल्या. आम्हाला पाच-सहा जणांना बोलावलं ते पण आदल्या रात्री नवाला फोन करून, "स्वच्छ कपडे घालून या".

तापीकाठ

आता कामाचं. पुढच्या वेळी कोणाच्या हातात देता यावा म्हणून मी नोटेचा मसुदा करतोय. सध्या एवढा झालाय, सुधारा:

"अमुक देशाचे महावाणिज्यदूत आज तालुक्यात केळी निर्यातीच्या पाहणीसाठी आले. त्यांनी शेतकऱ्यांशी वाहतूक, करपा रोग आणि सलग पुरवठा यांवर चर्चा केली. तपासणीची कागदपत्रं पूर्ण झाल्यास एक चाचणी कंटेनर घेण्याची तयारी त्यांनी दाखवली. याबाबत करार झालेला नाही. दौऱ्याला अमुक संघटनेने विरोध दर्शवला, त्यांच्या प्रतिनिधींचं निवेदन पाहुण्यांनी स्वीकारलं."

निवृत्त माहितीवाला, धुळे

'करार झालेला नाही' हे वाक्य ठेवाच, ते नसलं की व्हॉट्सॲपवर संध्याकाळपर्यंत शंभर कोटींचा करार झालेला असतो. शेवटचं वाक्य त्यांची कचेरी खोडणार. खोडू द्या, पण तुम्ही तोंडी सांगू शकता आणि पत्रकार लिहू शकतो. आणि वेळ लिहा: दुपारी १ च्या आत.

काळा झेंडा, नंदुरबार

'विरोध दर्शवला' नको. कशाला विरोध ते एका ओळीत लिहा, नाहीतर वाटेल आम्ही केळीच्या विरोधात होतो. गावात दोघा-तिघांनी मला खरंच तसं विचारलं.

तापीकाठ

घालतो. कारण तुम्ही तुमच्या शब्दांत लिहून पाठवा, मी त्यात हात घालणार नाही.

केळीबाग रावेर

मसुदा झकास. पण त्या ट्रायल कंटेनरचं पुढे काय झालं ते कोणाला माहीत आहे का? महिना झाला. पॅकहाउसवाला म्हणतो कागद दिल्लीला गेले. आमची कापणी तोंडावर आली, भाव पडायच्या आत कळलं तर बरं.

तापीकाठ

त्यांच्या मुंबईच्या कचेरीला उद्या मेल टाकतो, पत्रकार म्हणून नाही तर वाचक म्हणून. उत्तर आलं तर इथेच चिकटवीन. अण्णा, मेलमध्ये कोणाचं नाव घालू, व्यापार विभाग की प्रेसवाले?

निवृत्त माहितीवाला, धुळे

व्यापार विभाग. प्रेसवाल्याला प्रत पाठवा फक्त. सोमवारी सकाळी टाका, शुक्रवारी टाकलं तर कोणी बघत नाही.